संधिवात आणि घरची सकाळ

‘संधिवात’ हा शब्द आपल्या घरांतून फार सैलपणें वापरला जातो. आजोबांचा गुडघा जिना चढतांना करकरला तरी तो संधिवात, पावसाळ्यांत आत्याबाईंचा खांदा आंखडला तरी तो संधिवात, आणि तिशीतल्या सुनेचीं बोटें सकाळीं मिटेनाशीं झालीं तरी तोहि संधिवातच. शब्द एक म्हणून उपाय एक, आणि उपाय एक म्हणून उपदेशहि एकच: "वाताचें आहे, तेल लावा, आंबट खाऊं नका, होईल बरें." शाळेंत आम्ही मुलांना सांगत असूं कीं, दोन निराळ्या धातूंचीं रूपें पुष्कळदां सारखीं दिसतात, अर्थ लावण्यापूर्वीं धातु ओळखावा. दुखण्याचेंहि तसेंच आहे. आमच्या घरांत दोन निराळे संधिवात एकाच छपराखालीं नांदत आहेत, आणि त्या दोहोंना एक समजल्यानें काय होतें तें आम्हीं जवळून पाहिलें आहे, म्हणून हा लेख.

आमचें कुटुंब अकरा माणसांचें. थोरल्या वहिनी ७२ वर्षांच्या. त्यांचे दोन्ही गुडघे गेलीं पंधरा वर्षें दुखतात. धाकटी सूनबाई ३२ वर्षांची. दुसऱ्या बाळंतपणानंतर तीन महिन्यांनीं तिच्या बोटांचे सांधे सुजूं लागले, त्यास आतां चार वर्षें होत आलीं. वहिनींचें दुखणें सर्वांना दिसे, कारण त्या ‘आई गं’ म्हणून उठत आणि भिंतीला धरून चालत. सूनबाईचें दुखणें कोणाला दिसेना.

वहिनींचा जो संधिवात तो झिजेचा. सांध्यांतील हाडांच्या टोकांवर जी गुळगुळीत कूर्चा असते ती वयानें, वजनानें, जुन्या दुखापतीनें, कांहींशी कुलपरंपरेनें विरत जाते आणि हाडांच्या कडांना नवे कंगोरे फुटतात. डॉक्टर याला ऑस्टिओआर्थ्रायटिस म्हणतात. गुडघा, खुबा, आंगठ्याचें मूळ आणि बोटांचीं शेवटचीं पेरें हीं याचीं आवडतीं ठिकाणें. पेरांवर ज्या टणक गांठी येतात त्यांना हेबर्डन या इंग्रज वैद्याचें नांव आहे. त्यांचें वर्णन असलेला त्याचा ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर १८०२ सालीं छापला गेला. या प्रकारांत काम केलें कीं दुखतें, बसलें कीं थांबतें. सकाळीं सांधे आंखडलेले असतात खरे, पण पांच-दहा मिनिटांत, फार तर अर्ध्या तासांत, मोकळे होतात.

सूनबाईचा जो संधिवात तो दाहाचा. यांत झीज नंतरची. आधीं शरीराची संरक्षक शक्तीच वाट चुकते आणि सांध्याच्या आंतल्या अस्तरावर उलटते. अस्तर सुजतें, जाड होतें आणि शेजारचें हाड कुरतडूं लागतें. ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस हें नांव त्याला आल्फ्रेड गॅरॉड या लंडनच्या डॉक्टरनें १८५९ सालीं दिलें. मनगटें, बोटांचीं मुळें, मधलीं पेरें, पायांचे चवडे, आणि बहुधा दोन्ही बाजूंना सारखेंच. पुरुषांपेक्षां स्त्रियांत हा दोन-तीन पट अधिक. गरोदरपणांत पुष्कळदां उतरतो आणि बाळंतपणानंतर डोकें वर काढतो, हें विशेषेंकरून सासरच्या मंडळींनीं ध्यानांत ठेवण्यासारखें आहे. आणि याची मुख्य खूण म्हणजे सकाळ. रात्रभरच्या विश्रांतीनें हा बरा होत नाहीं, उलट आंखडतो. तास-दोन तास मूठ मिटत नाहीं, मग जसजशी हालचाल होईल तसतसा सैल पडतो.

आमचा विषय संस्कृत, म्हणून येथें थोडें विषयांतर करतों. चरकाच्या चिकित्सास्थानांत वातव्याधीचा अध्याय निराळा आणि वातरक्ताचा निराळा आहे. सांध्यांत शिरलेल्या वाताचें वर्णन करतांना, सांधा हाताला वाऱ्यानें भरलेल्या पखालीसारखा लागतो आणि आंखडतांना-पसरतांना दुखतो, असें तो सांगतो. पुढें माधवकरानें आपल्या निदानग्रंथांत आमवाताला स्वतंत्र प्रकरण दिलें. त्यांत ताप, अरुचि, अंगाचें जडत्व, हातापायांची सूज आणि विंचू चावल्यासारखी वेदना हीं लक्षणें आहेत. हा आमवात म्हणजे आजचा ऱ्हुमॅटॉइड तंतोतंत तोच असें म्हणण्याचा मोह कित्येकांना होतो. आम्हांला तो नाहीं. सांगावयाचें इतकेंच कीं, सांध्याचें प्रत्येक दुखणें एक नव्हे हें आपल्या पूर्वजांना ठाऊक होतें. सगळ्यांची एक मोट बांधण्याची संवय अलीकडची आहे.

आतां सकाळीकडे वळूं. एकत्र कुटुंबांत सकाळ ही परीक्षेची वेळ. चहा, दूध, मुलांचे डबे, देवपूजेची तयारी, नोकरीवर जाणारांची घाई, सगळें सहा ते नऊ या तीन तासांत. सूनबाईची मूठ न मिटण्याचे तास नेमके तेच. कपबशी हातांतून निसटे, कणीक भिजवतां येईना, डब्याचें झांकण उघडेना. अकरा वाजतां हीच मुलगी बाजारांत जाऊन येई आणि दुपारीं हंसून बोले. मग पाहणारांनीं निष्कर्ष काय काढावा? "सकाळचींच कामें बरीं हिला जड जातात," असें वहिनी एकदां म्हणाल्या. वहिनींचा स्वभाव वाईट नाहीं. त्यांचे स्वतःचे गुडघे सकाळीं चांगले असत आणि संध्याकाळीं बिघडत, म्हणून दुखणें म्हणजे श्रमानंतर येणारें, हेंच त्यांना ठाऊक. आम्हीं सूनबाईला विचारलें, तेव्हां ती म्हणाली, "मामंजी, दुखतें म्हणावें तर दुपारीं मी धडधाकट दिसतें. मग माझें खरें कोण मानणार? म्हणून मी बोलतच नाहीं." हें वाक्य आमच्या मनांतून आजहि जात नाहीं. संधिवातानें बोटें वांकडीं होतात हें सर्वांना माहीत आहे. परंतु बोटें वांकडीं होण्याच्या कितीतरी आधीं घरांतील एक माणूस गप्प होतें, तें कोणाच्या नजरेस येत नाहीं.

गांवांतल्या एका डॉक्टरांनीं ‘बाळंतपणाचा अशक्तपणा’ म्हणून कॅल्शियमच्या गोळ्या आणि वेदनाशामक औषध दिलें, त्यांत सहा महिने गेले. मग एका नात्यांतल्या गृहस्थांनीं, अर्थात् चांगल्या हेतूनें, कोठल्याशा प्रसिद्ध पुड्या आणून दिल्या. पुडीवर नांव नाहीं, घटक नाहींत. चौथ्या दिवशीं सूनबाई पहांटे उठून सडा-रांगोळी करूं लागली! घरांत आनंदीआनंद झाला. दोन महिन्यांत मात्र तिचा चेहरा गोल फुगीर दिसूं लागला, वजन वाढलें, आणि पुडी एक दिवस चुकली कीं सांधे पूर्वीपेक्षां दुप्पट पेटत. शेवटीं पुण्याच्या संधिवाततज्ज्ञांकडे नेलें, तेव्हां त्यांनीं चेहरा पाहूनच पुडीची चौकशी केली. पुडींत स्टेरॉइड मिसळलेलें असावें, असें त्यांचें मत पडलें. आणि ती एकदम बंद करूं नका, हळूहळू उतरवावी लागेल, असेंहि त्यांनीं बजावलें. शरीराला बाहेरून स्टेरॉइडची संवय लागली कीं स्वतःचें तयार करणें तें थांबवितें. अशा वेळीं एकाएकी तोडल्यास जिवावर बेतूं शकतें.

या स्टेरॉइडचा इतिहास मोठा उद्बोधक आहे. अमेरिकेंत रॉचेस्टर येथील मेयो क्लिनिकमध्यें फिलिप हेंच या डॉक्टरनें १९४८ च्या सप्टेंबरांत, संधिवातानें खिळलेल्या एका तरुण स्त्रीला कॉर्टिसोनचीं इंजेक्शनें दिलीं. जिला कूस बदलतां येत नव्हती ती कांहीं दिवसांत चालूं लागली आणि बाजारहाट करून आली. जगभर गाजावाजा झाला, १९५० सालीं हेंच, केंडाल आणि राइखश्टाइन या तिघांना नोबेल पारितोषिक मिळालें. परंतु लौकरच दिसून आलें कीं औषध थांबलें कीं रोग परततो, आणि चालू ठेवलें तर हाडें ठिसूळ होतात, साखर वाढते, चेहरा सुजतो. आजहि स्टेरॉइड हें योग्य हातीं, थोड्या मात्रेंत, थोड्या काळासाठीं उपयोगी औषध आहेच. पण चार दिवसांत संधिवात पळवणारी निनांवी पुडी घरांत आली, तर आनंदाआधीं शंका यावी.

खऱ्या उपचारांतील मुख्य औषधाचें नांव मेथोट्रेक्सेट. त्याचा एक धागा आपल्या देशापर्यंत येतो. आंध्रांतील भीमावरम् येथें १८९५ सालीं जन्मलेले डॉ. यल्लाप्रगडा सुब्बाराव हे अमेरिकेंत लेडर्ली प्रयोगशाळेंत संशोधनप्रमुख होते. त्यांच्या मंडळींनीं तेथें फोलिक ॲसिड कृत्रिम रीतीनें तयार केलें, आणि त्याच फोलिक ॲसिडला विरोध करणारीं औषधेंहि त्याच प्रयोगशाळेंतून निघालीं. मेथोट्रेक्सेट हें त्यांच्यापैकीं. आरंभीं तें रक्ताच्या कर्करोगासाठीं वापरीत. संधिवातासाठीं त्याला अमेरिकेंत अधिकृत मान्यता १९८८ सालीं मिळाली. सुब्बाराव १९४८ सालींच वारले, त्यांना हा पुढचा उपयोग पाहावयास मिळाला नाहीं.

या औषधाविषयीं एक गोष्ट मोठ्या अक्षरांत लिहून भिंतीला लावावी अशी आहे: संधिवातासाठीं तें आठवड्यांतून एकदांच घ्यावयाचें असतें, रोज नव्हे. रोज घेतल्यास तोंड सोलवटतें, रक्तांतील पेशी घटतात आणि मनुष्य दगावूंहि शकतो. एकत्र घरांत गोळ्या देणारे हात अनेक, म्हणून हा धोका अधिक. आमच्याकडे वार रविवार ठरला आहे. भिंतीवरील दिनदर्शिकेवर गोळी घेतली कीं सूनबाई स्वतः खूण करते. दुसऱ्या कोणीं तिला गोळी द्यावयाची नाहीं. डॉक्टरांनीं फोलिक ॲसिडची गोळी निराळ्या वारीं सांगितली आहे, तो बुधवार. ठरलेल्या मुदतीनें रक्त आणि यकृत यांची तपासणी होते. मूल व्हावें अशी इच्छा असेल तर हें औषध कित्येक महिने आधीं डॉक्टरांच्या सल्ल्यानें बंद करावें लागतें. तेव्हां ज्या घरांत नव्या सुनेला हें औषध चालू आहे तेथें ‘पाळणा कधीं हलणार’ असें विचारणारांनीं जीभ आवरावी. गोळीचा गुण दिसावयास सहा ते बारा आठवडे लागतात. आपले लोक चौथ्या आठवड्यांत कंटाळून पुन्हां पुडीकडे वळतात, आणि हाडांचें जें नुकसान व्हावयाचें तें बहुधा पहिल्या एक-दोन वर्षांतच सुरू होतें.

हें सर्व फार दुर्मिळ आहे असेंहि नव्हे. पुणें-सोलापूर रस्त्यावरील भिगवण हें गांव पक्षिप्रेमी मंडळींना तेथील रोहित पक्ष्यांसाठीं ठाऊक आहे. त्याच भिगवणांत १९९६ सालीं पुण्याच्या डॉक्टरांनीं घरोघर फिरून सुमारें चार हजार प्रौढ माणसांची सांधे-स्नायूंच्या दुखण्यांसाठीं पाहणी केली. शेंकडा १८ माणसांना असें कांहीं ना कांहीं दुखणें होतें. आणि ऱ्हुमॅटॉइड शेंकडा अर्धा, म्हणजे दोनशें प्रौढांमागें एकास. दोनशें माणसें म्हणजे आपल्याकडील एक मध्यम मुंजीची पंगत. त्या पंगतींत एक पान या दुखण्याचें असतें.

आतां घर. औषध डॉक्टर देतो, पण दिवसाचे बाकीचे तास घरांतच काढावयाचे असतात. आम्हीं प्रथम वेळापत्रक बदललें. चाळीस वर्षें वेळापत्रकें आंखलीं, तो अनुभव येथें कामीं आला. गणितामागून लगेच व्याकरण लावूं नये, हें जसें वर्गांत, तसेंच घरांत जड कामामागून जड काम लावूं नये. सूनबाईचें काम साडेआठनंतर सुरू होतें. सकाळचा चहा आमच्या घरांतून होतो आणि मुलांचे डबे धाकटे चिरंजीव भरतात. पहिले आठ दिवस डब्यांत पोळी कमी आणि लोणचें फार अशी तक्रार आली, पुढें तीहि मिटली. सूनबाई उठल्यावर दहा मिनिटें कोमट पाण्याच्या घंगाळांत हात बुडवून बोटें मिटते-उघडते. पूर्वीं हेंच तिनें केलें असतें तर कोणीतरी नांवें ठेवलीं असतीं. आतां वहिनी स्वतः पाणी तापवून ठेवतात.

स्वयंपाकघरांत तत्त्व एकच: जें काम बोटें करतात तें तळहातांनीं करावें, जें एक हात करतो तें दोन्ही हातांनीं, आणि जें मनगट करतें तें कोपरानें. एका हाताच्या सांडशीनें भरलें पातेलें उतरविणें बंद झालें. दोन कानांचीं पातेलीं आणलीं, तीं जाड फडक्यानें दोन्ही हातांनीं धरावींत, आणि शक्य तर उतरवूंच नये, पळीनें वाढावें. विळी गेली, ओट्यावर फळी आणि जाड मुठीची सुरी आली. बरणीचें झांकण उघडावयास सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा पुरतो. नळाची गोल चावी काढून कोपरानें ढकलतां येईल अशी दांडीची बसविली. पिशवी बोटांत लटकवूं नये, हातावर कोपराजवळ घ्यावी. ओलें लुगडें पिळणें हें तर अशा हातांना सर्वांत घातक. तें काम यंत्राला द्यावें किंवा पुरुषांनीं करावें. जाड कापड गुंडाळलेली लेखणी आम्हीं तिला करून दिली, कारण बारीक लेखणी चिमटींत धरण्यास जोर फार लागतो. फ्रान्समध्यें रेन्वा नांवाचा विख्यात चित्रकार होऊन गेला. त्याला हाच संधिवात होता आणि बोटें तळहातांत वळलीं होतीं. हाताला कापडाच्या पट्ट्या गुंडाळून, कुंचला कोणीतरी हातांत देई, आणि १९१९ सालीं मरेपर्यंत तो रंगवीत राहिला. सूनबाईला ही हकीकत सांगितली तेव्हां ती म्हणाली, "कुंचला देणारें माणूस जवळ होतें ना?"

वहिनींची व्यवस्था निराळी, कारण त्यांचा प्रश्न बसण्या-उठण्याचा. आपलें सारें जीवन जमिनीवरचें. जेवण पाटावर, पूजा आसनावर, निवडणें-टिपणें मांडी घालून, आणि शौचासहि उकिडवें बसावयाचें. झिजलेल्या गुडघ्याला या चारहि गोष्टी शत्रूसारख्या. उंच बैठकीचा संडास आणि त्याशेजारीं भिंतींत धरावयास दांडी, हा पहिला खर्च करावा. दागिन्यांपेक्षां तो उपयोगी. खुर्ची आणि पलंग यांच्या पायांखालीं लांकडी ठोकळे दिल्यास उठतांना गुडघ्यावर भार कमी येतो. पूजेचा प्रश्न मात्र अवघड झाला. "देवापुढें उंच आसनावर मी बसावें?" म्हणून वहिनी हट्ट धरून बसल्या. तेव्हां देव्हाराच उंच ओट्यावर नेला. आतां देवहि उंच आणि वहिनीहि खुर्चीवर. पंगतींत मेज लावल्यावर एका ज्येष्ठ पाहुण्यांनीं नाक मुरडलें, परंतु दुसऱ्या दिवशीं त्यांनींच मेजाकडची जागा मागितली.

गुडघा दुखतो म्हणून निजून राहणें हा झिजेच्या संधिवातांतील मोठा गैरसमज. मांडीचा पुढचा स्नायु बळकट असला म्हणजे गुडघ्याचें ओझें तो वाटून घेतो. खुर्चीवर बसून पाय सरळ करावा, दहा अंक मोजावे, खालीं घ्यावा. असें प्रत्येक पायानें दहा वेळां, दिवसांतून दोनदां. व्यायाम अति झाला कीं नाहीं हें ओळखण्याची खूण सोपी आहे: दोन तासांनंतरहि दुखणें नेहमींपेक्षां अधिक असेल तर उद्यां थोडा कमी करावा. वजन एक शेर उतरलें तर प्रत्येक पावलागणिक गुडघ्यावरचा भार चार शेरांनीं उतरतो, असें अभ्यासकांनीं मोजून दाखविलें आहे. काठी दुखऱ्या बाजूच्या नव्हे, विरुद्ध बाजूच्या हातांत धरावी. शंभरांतील नव्वद वृद्ध उलट धरतात असें आम्हांस रस्त्यानें जातांना दिसतें. दाहाच्या संधिवातांत मात्र सांधा लाल आणि गरम असेल तेव्हां त्यास विश्रांति द्यावी, दाह उतरला कीं पुन्हां चालता करावा. आणि तंबाखू, विडी, सिगारेट त्यांत निश्चित अपाय करतात.

शस्त्रक्रियेविषयीं थोडेंच लिहितों. पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयी यांचे गुडघे २००० आणि २००१ सालीं मुंबईस बदलले गेले, तेव्हांपासून ही गोष्ट घरोघरीं माहीत झाली. कूर्चा पार झिजली, रात्रींची झोंप गेली, चार पावलें चालवेना, आणि व्यायामानें व वजन उतरवूनहि भागेना, तर हा उपाय उत्तम. परंतु शस्त्रक्रियेनंतरचे दोन-तीन महिने व्यायाम करवून घेणारें माणूस घरांत हवें; तें नसेल तर नवा गुडघाहि जुन्यासारखाच आंखडतो. वहिनींनीं अद्याप होकार दिलेला नाहीं, आणि त्या जिना एकेक पायरीनें का होईना चढतात, तोंवर आम्हीहि घाई करीत नाहीं.

भेटीस येणारी मंडळी उपायांवांचून येत नाहींत. निर्गुडीचा पाला, वाळूचा शेक, लसणाचें तेल! शेकानें आणि हलक्या चोळण्यानें स्नायु सैल पडतात, त्यांत वावगें कांहीं नाहीं. फक्त सुजलेला, तापलेला सांधा रगडूं नये. आंबट वर्ज्य केल्यानें ऱ्हुमॅटॉइड हटतो असा पुरावा नाहीं. सूनबाईनें दोन वर्षें ताक-चिंच सोडली होती, आतां ती आमटींत आमसूल घालते. वेदनाशामक गोळ्या मात्र घरच्या डब्यांतून चणे-फुटाण्यांसारख्या घेऊं नयेत. जठर, मूत्रपिंड आणि रक्तदाब या तिन्हींवर त्यांचा डोळा असतो, वृद्धांत विशेष.

गेल्या भाद्रपदांत मोदकांच्या वेळीं कामांची वांटणी पुन्हां नव्यानें झाली. उकड मळणें सूनबाईनें मागून घेतलें, कारण ऊन उकडीवर तळहात फिरले कीं तिच्या हातांना बरें वाटतें. पाकळ्या पाडण्यास चिमूट लागते, ती तिला जमत नाहीं. तें काम वहिनी मेजाशीं खुर्चीवर बसून करीत होत्या. "तुझी उकड सैल झाली आहे गं," असें त्या म्हणाल्या. "तुमच्या पाकळ्या जाड होताहेत, काकूबाई," असें सूनबाईनें उत्तर दिलें. सुतार येत्या आठवड्यांत येणार आहे. जिन्याला दुसऱ्या बाजूनेंहि कठडा बसवावयाचा आहे, आणि तो किती उंच असावा याविषयीं त्या दोघींचें अद्याप एकमत झालेलें नाहीं.